डिस्क फिरू लागली की आवाज जातो: जुन्या लॅपटॉपला यूएसबी ड्राइव्ह आणि साउंड कार्ड एकत्र जोडताना

लॅपटॉप जुना झाला की आतली डीव्हीडी ड्राइव्ह डिस्क ओळखेनाशी होते आणि हेडफोनचा जॅक सैल होतो. मग यूएसबीवर चालणारी स्लिम ड्राइव्ह घेतली जाते, सोबत बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड. दोन्ही वेगवेगळी लावून पाहिली तर व्यवस्थित चालतात. एकत्र लावून डिस्क आत सरकवली की काही सेकंदांत यूएसबी निघाल्याचा आवाज येतो, साउंड कार्ड यादीतून नाहीसं होतं, लगेच परतही येतं, पण गाणं काही पुन्हा सुरू होत नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला की ठीक चालतं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

या तक्रारीवर पहिला सल्ला मिळतो तो ड्रायव्हर बदलण्याचा. दुसरा विंडोज नव्याने टाकण्याचा. ड्रायव्हर शोधायला गेलेला माणूस कुठल्या तरी भलत्या संकेतस्थळावरून ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरवून घेतो आणि मशीन आणखी बिघडवून बसतो. माझं सांगणं एवढंच आहे की विंडोजला हात लावण्याआधी विजेचा हिशोब करा. डिस्क फिरायला लागण्याची आणि आवाज जाण्याची वेळ जुळत असेल, तर कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पोर्ट किती देतो, ड्राइव्ह किती मागते

यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देईल, असं ते मानक सांगतं. म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० मध्ये हा आकडा ९०० मिलिअँपिअर झाला, पण ते मानकच नोव्हेंबर २००८ मध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या लॅपटॉपला तो आधार नाही. आता ड्राइव्ह उलटी करा आणि खालचं लेबल वाचा. स्लिम ड्राइव्हवर ५ व्होल्टच्या पुढे बहुधा दीड अँपिअरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. एवढा करंट सतत लागत नाही. थांबलेल्या डिस्कला गती देताना आणि लेन्सची गाडी मागेपुढे पळवताना तो लागतो, एकदा वेग धरला की मागणी खाली येते. गावाकडे पाण्याचा पंप सुरू झाला की घरातला दिवा क्षणभर मंदावतो, तोच प्रकार इथे ५ व्होल्टच्या तारेवर होतो.

पुष्कळ लॅपटॉप ५०० पेक्षा थोडं जास्त सोडतात, म्हणून एकटी ड्राइव्ह चालून जाते. अडचण पुढे आहे. शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन पोर्टना अनेक मदरबोर्डांवर एकच फ्यूज किंवा एकच पॉवर स्विच असतो. ड्राइव्हने एका पोर्टवर ओढ घेतली की दुसऱ्या पोर्टचा व्होल्टेजही खाली येतो. साउंड कार्डाला स्वतःला फार वीज लागत नाही, पण व्होल्टेज एका पातळीखाली गेला की त्यातली चिप रीसेट होते. विंडोजच्या दृष्टीने ते कार्ड कुणीतरी उपटून परत लावलेलं असतं. तुमचा प्लेअर मात्र अजून मघाच्याच कार्डाला धरून बसलेला असतो, म्हणून कार्ड परत दिसलं तरी आवाज येत नाही. अशा वेळी लॅपटॉप बंद करायची गरज नसते, प्लेअर बंद करून उघडला की पुरतं.

थोड्या वेळाने पुन्हा तेच का होतं, याचंही उत्तर यातच आहे. काही मिनिटं वाचायला काही नसलं की ड्राइव्ह मोटर थांबवते. पुढची फाइल उघडताना किंवा फोल्डर बदलताना ती परत फिरू लागते आणि तोच झटका पुन्हा बसतो. डिस्कवर ओरखडे असतील तर आणखी वाईट, कारण न वाचता आलेल्या जागेवर ड्राइव्ह वेग कमी-जास्त करत राहते.

केबलकडे कुणी बघत नाही, म्हणून तिचाही हिशोब मांडतो. स्वस्त केबलमध्ये विजेची तार बऱ्याचदा २८ गेजची असते (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दीड मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर तार, म्हणजे ०.६४ ओहम. त्यातून एक अँपिअर गेला की वाटेतच ०.६४ व्होल्ट खर्ची पडतात आणि पोर्टवर पूर्ण ५ व्होल्ट असले तरी ड्राइव्हच्या तोंडाशी ४.३६ उरतात. तीच केबल अर्ध्या मीटरची असेल तर तूट ०.२१ वर येते. तार २४ गेजची असेल तर दीड मीटरलाही पाव व्होल्टच जातो. ड्राइव्ह ‘टक-टक’ करत पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर आधी केबल बदलून पाहा. एक्स्टेन्शन केबल लावली असेल तर ती काढाच.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’ उघडून ‘पॉवर’ टॅबवर गेलात तर कोणतं उपकरण किती मिलिअँपिअर मागतं ते दिसतं. ते जरूर बघा, पण त्यावर विसंबू नका. तिथला आकडा उपकरणाने स्वतः सांगितलेला असतो. ५०० सांगून प्रत्यक्षात हजार ओढणारी ड्राइव्ह तिथे ५०० चीच दिसते.

खात्री कशी करायची

एक गाणं हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या. ड्राइव्ह पूर्ण काढून ठेवा आणि ते गाणं यूएसबी साउंड कार्डावरून अर्धा तास वाजू द्या. अडखळलं नाही, तर कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. आता गाणं चालू असतानाच रिकामी ड्राइव्ह जोडा. मग तिच्यात डिस्क घाला. डिस्क घालताच आवाज गेला तर प्रश्न विजेचा. नुसती रिकामी ड्राइव्ह जोडल्यावरच गेला तर पोर्ट किंवा फ्यूज फारच कमजोर झालाय, आणि त्या लॅपटॉपवर बाहेरून वीज दिल्याशिवाय मार्ग नाही. डिस्क फिरत असतानाही कार्ड यादीत टिकून राहिलं आणि आवाज नुसता चरचरत राहिला, तर कारण दुसरं आहे, त्याकडे खाली येतो.

लिनक्स चालवणाऱ्यांना पुरावा लगेच मिळतो. टर्मिनलमध्ये कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (घडामोडींची नोंद) उघडा. साउंड कार्डाच्या पोर्टसमोर ‘यूएसबी डिसकनेक्ट’ अशी ओळ डिस्क फिरायच्या क्षणी उमटली असेल, तर शंकेला जागा उरत नाही.

उपाय, सोपा आधी

ड्राइव्ह एका बाजूच्या पोर्टला लावा, साउंड कार्ड दुसऱ्या बाजूच्या. यात पैसे जात नाहीत आणि कित्येक लॅपटॉपवर एवढ्यावरच काम भागतं, कारण दोन बाजूंचे फ्यूज वेगळे असण्याची शक्यता जास्त असते. माउस, पेनड्राइव्ह, डेटा कार्ड असं बाकी काही त्या वेळी लावू नका.

नाही भागलं तर दोन तोंडांची वाय केबल. तिचं एक तोंड डेटा आणि वीज दोन्ही नेतं, ते लॅपटॉपला. दुसरं फक्त विजेचं, ते ५ व्होल्ट २ अँपिअरच्या साध्या मोबाइल चार्जरला. बहुतेक लोक दुसरं तोंडही लॅपटॉपच्याच शेजारच्या पोर्टला लावतात. दोन्ही पोर्ट एकाच फ्यूजवर असतील तर त्याने काहीच साधत नाही. वाय केबल यूएसबीच्या नियमांत बसत नाही हे खरं, आणि त्यामुळे एक काळजी घ्यावी लागते. लॅपटॉप बंद केला की चार्जरही काढा, नाहीतर चार्जरची वीज केबलमधून उलटी लॅपटॉपच्या पोर्टवर जाऊ शकते. काही ड्राइव्हना मागे ५ व्होल्टचं छोटं गोल भोक दिलेलं असतं. तसं असेल तर बरोबर मापाची पिन घेऊन तिथूनच वीज द्या, ते वाय केबलपेक्षा चांगलं.

तिसरा आणि मला सर्वात पसंत असलेला उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टची अनेक तोंडं करणारा डबा. ड्राइव्ह हबवर लावा, साउंड कार्ड थेट लॅपटॉपला. दोन्ही हबवर लावली तर अडॅप्टर हलका असताना तोच तमाशा हबवर होतो. बिनअडॅप्टरचा चार तोंडांचा हब मात्र या कामाला आणू नका. नियमाने तो एका तोंडाला १०० मिलिअँपिअरच देतो, त्यावर ड्राइव्ह फिरणार नाही.

आणि खरं सांगायचं तर डिस्कवरून थेट ऐकायचा हट्टच सोडा. साउंड कार्ड काढून ठेवा, ड्राइव्ह एकटी लावा, डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, मग ड्राइव्ह काढून ऐका. सीडी ७०० एमबीची, एकथर डीव्हीडी ४.७ जीबीची, एवढी जागा जुन्या हार्ड डिस्कवरही काढता येते. आजोबांच्या कीर्तनाची, ताईच्या लग्नाची डिस्क असेल तर ती दर वेळी फिरवण्यापेक्षा एकदा नीट उतरवणं हेच तिच्या हिताचं आहे. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत कपाटातल्या डिस्कवर बुरशी धरते. पुसायचीच झाली तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

वीज ठीक असूनही आवाज चरचरतो

जुन्या लॅपटॉपवर याची कारणं वेगळी असतात. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवरची वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूणही काढा. गाणं थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांनी कार्ड ‘झोपत’ असेल तर याने जातं. मग वाय-फाय बंद करून ऐका. फरक पडला तर वाय-फायचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय, त्याची जुनी किंवा नवी आवृत्ती टाकून पाहा.

विंडोज एक्सपीवर एक जुनी खोड आहे. हार्ड डिस्क वाचताना चुका साठत साठत सहा झाल्या की विंडोज त्या चॅनेलला (डिस्क जोडलेल्या वाटेला) वेगवान डीएमए पद्धतीवरून पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर उतरवतं आणि तिथेच ठेवतं. मग प्रत्येक वाचनाला प्रोसेसर अडकतो आणि आवाज फाटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘प्रायमरी आयडीई चॅनेल’च्या ‘अडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘पीआयओ’ दिसलं तर तो चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा, विंडोज तो नव्याने ओळखतं. परत पीआयओवर गेलं तर हार्ड डिस्कच दम सोडतेय. आधी तिच्यातला माल दुसरीकडे हलवा, साउंड कार्डाचं नंतर बघा.

चार्जर लावला की ‘हम्म’ असा घुमणारा आवाज येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. थांबला, तर दोष अर्थिंगच्या वळशाचा (ग्राउंड लूप), म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटचा. लॅपटॉप आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहा.

दर वेळी आवाज परत लॅपटॉपच्या स्पीकरवर का जातो

स्वस्त साउंड कार्डात स्वतःचा सिरियल नंबर नसतो. त्यामुळे तेच कार्ड दुसऱ्या पोर्टला लावलं की विंडोजला ते नवीन वाटतं, नावापुढे २, ३ असे आकडे चढत जातात आणि तुम्ही ठरवलेलं ‘डिफॉल्ट’ जुन्या नावापाशीच राहतं. पोर्टवर एक ठिपका काढा आणि कार्ड कायम तिथेच लावा. आणि प्लेअर उघडण्याआधी कार्ड लावा, एक्सपी-सातच्या काळातले बरेच प्रोग्राम सुरू होताना जे कार्ड सापडलं तेच शेवटपर्यंत धरून ठेवतात.

एक्सपीवर डिस्क फिरते, वेळ पुढे सरकते, आवाज शून्य, आणि इतर सगळे आवाज मात्र येतात, असंही होतं. पूर्वी गाण्याच्या सीडीचा आवाज ड्राइव्हमधून एका वेगळ्या बारीक अ‍ॅनालॉग वायरने साउंड कार्डाकडे जायचा. यूएसबी ड्राइव्हला ती वायर नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एनेबल डिजिटल सीडी ऑडिओ’ ही खूण लावा, आवाज यूएसबीतूनच येऊ लागेल.

ड्राइव्हच दिसत नाही

ड्राइव्हला वीज मिळतेय, दिवा लागतोय, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिच्यावर पिवळा त्रिकोण आहे आणि १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ नंबरचा कोड आहे, तर डिस्कवर लिहिणाऱ्या (बर्निंग) जुन्या सॉफ्टवेअरने मागे ठेवलेले फिल्टर, म्हणजे ड्राइव्हच्या ड्रायव्हरमध्ये घुसवलेले जादा तुकडे, हे नेहमीचं कारण. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘कंट्रोल’, ‘क्लास’ या वाटेने जा आणि ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी की (फोल्डरसारखा कप्पा) उघडा. उजवीकडे ‘डीव्हीडी/सीडी-रॉम’ असं लिहिलेलं दिसलं म्हणजे तुम्ही बरोबर ठिकाणी आहात. आधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा. मग ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ एवढ्या दोनच नोंदी काढा आणि रीस्टार्ट करा. एखादं सीडी बर्न करणारं सॉफ्टवेअर त्यानंतर रुसलं तर ते पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल.

विंडोज ७ ची डीव्हीडी लावून इन्स्टॉल करताना मध्येच ‘सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही’ असं येत असेल आणि लॅपटॉपला निळे पोर्ट असतील, तर ड्राइव्ह काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टला लावा. विंडोज ७ च्या डिस्कमध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नाही. डिस्क अर्धी वाचून झाल्यावर तिचाच ड्रायव्हर मागणारा हा निरोप लोकांना फार गोंधळात टाकतो.

लॅपटॉप फारच जुना, यूएसबी १.१ चा असेल, तर अपेक्षा बदला. तिथे १२ मेगाबिटची मर्यादा आहे, प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम एक एमबी मिळतं. डीव्हीडीचा सर्वात कमी, म्हणजे १ एक्स वेगच १.३८५ एमबी आहे. त्यामुळे चित्रपट अडखळणार, त्याला इलाज नाही. सीडी आणि व्हीसीडी मात्र चालतील, त्यांचा १ एक्स वेग दीडशे केबीच्या आसपास आहे. पूर्ण डीव्हीडी उतरवायला सव्वा तास तरी धरा. कार्डबसच्या, म्हणजे जुन्या लॅपटॉपच्या बाजूला असणाऱ्या चपट्या खाचेत बसणारं यूएसबी २.० कार्ड मिळालं तर वेगाचा प्रश्न सुटतो, विजेचा नाही. अशा कार्डाला बाहेरून ५ व्होल्ट द्यायची सोय आहे का ते बघून घ्या.

ड्राइव्ह दिसते, फाइली दिसतात, पण डीव्हीडी चालत नाही, तर विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय मूळ विंडोजमधून काढली आहे, हे लक्षात घ्या. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाका. नव्या ड्राइव्हने रीजन (डीव्हीडी कोणत्या भागासाठी आहे तो क्रमांक) विचारला तर भारताचा ५ निवडा. तो एकूण पाचच वेळा बदलता येतो, त्यामुळे सहज खेळ म्हणून बदलू नका.

लग्नाच्या व्हीसीडींबद्दल थोडं सविस्तर, कारण त्या आपल्याकडे घरोघर आहेत. व्हीसीडीवरची चित्रफीत ‘एम्पेग एव्ही’ या फोल्डरात ‘डॅट’ फाइल म्हणून असते. जागा वाढवण्यासाठी तिथे नेहमीच्या डेटा सीडीवर असते ती दुरुस्तीची जादा माहिती ठेवलेली नसते. म्हणून डेटा सीडीवर चालून जाणारा ओरखडा व्हीसीडीवर कॉपी थांबवतो, आणि विंडोज ‘सायक्लिक रिडंडन्सी’चा दोष दाखवतं. अशी फाइल ओढून कॉपी करण्याऐवजी व्हीएलसीमध्ये डिस्क उघडून ‘कन्व्हर्ट/सेव्ह’ने उतरवा. खराब जागी चित्र फुटेल, पण पुढचं वाचलं जाईल. लिनक्सवर तर धडधाकट व्हीसीडीचीही डॅट फाइल साध्या कॉपीने येत नाही, तिथे हीच वाट धरा.

नवीन घ्यायचंच असेल तर

साउंड कार्ड निवडताना ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ला भुलू नका. असं कार्ड यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या पिढीचं असतं, आणि तिला मूळ विंडोजमध्ये जागा मिळाली ती विंडोज १० च्या २०१७ मधल्या अपडेटपासून. विंडोज ७ किंवा एक्सपीवर कंपनीचा ड्रायव्हर नसेल तर ते कार्ड मुकंच राहील. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झचं पहिल्या पिढीचं साधं कार्ड एक्सपीपासून आजच्या लिनक्सपर्यंत ड्रायव्हरशिवाय चालतं, आणि सीडी स्वतःच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची आहे.

कॅसेट उतरवायच्या असतील तर मात्र हिरवं-गुलाबी भोक असलेलं बोटाएवढं कार्ड घेऊ नका. त्याचं गुलाबी भोक माइकसाठी आहे. ते बहुधा मोनो असतं आणि कॅसेट डेकचा दणकट सिग्नल त्यात फाटतो. लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटचं, ‘लाइन इन’ असं स्पष्ट लिहिलेलं कार्ड मागा. मोबाइलचा माइकवाला हेडफोन लावायचा असेल तर त्याच्या पिनवर तीन काळ्या पट्ट्या असतात. दोन भोकांच्या कार्डात त्याचा माइक चालत नाही, त्यासाठी दोन शेपट्यांचा जोड मिळतो.

ड्राइव्ह घेताना दुकानात खालचं लेबल वाचा, केबल आखूड आणि जाड आहे का ते हातात घेऊन बघा, आणि बाहेरून वीज द्यायचं भोक असलेलं मॉडेल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्या. काही नव्या ड्राइव्हना केबल कायमची जोडलेली असते. ती तुटली किंवा कमजोर निघाली तर बदलता येत नाही, जुन्या लॅपटॉपसाठी तसली ड्राइव्ह टाळा.